बोरॉनपाशी पेन थांबला

२ एप्रिल २०२५, बुधवार. चुडावा.

मी, सूर्यभान किसन खंदारे, वय शहात्तर वर्षे, रेल्वेचा सेवानिवृत्त पॉइंट्समन, पूर्णा यार्ड, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, आपणहून लिहून ठेवतो की, आजपासून मी माझी नात संघप्रिया हिचा परीक्षेतील लेखनिक आहे. नोकरीत असताना चौकशीपुढे तीनदा जबाब दिला आणि तिन्ही वेळा निर्दोष ठरलो. लिहिण्याची हीच रीत मला येते.

हकिगत अशी. संघप्रिया परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्र हा विषय तिचा राहिलेला आहे. त्याचे दोन पेपर याच महिन्याअखेरीपासून. या खेपेस विषय निघाला नाही, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही — वर्ष घरी बसून जाणार. अशात परवा स्कूटी घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर परीक्षेनंतरच निघेल.

कॉलेज म्हणते, लेखनिक आणा. अट एकच — त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी पाहिजे. शेजारची अकरावीतील मुलगी ठरली होती. तिला ऐन त्याच तारखांना क्लाससाठी लातूरला जावे लागले. संध्याकाळी चहाच्या वेळी घरातल्यांची मोजदाद झाली. मुलगा सिद्धोधन एम.ए., बी.एड., शिक्षक — बाद. सून राजेश्री बी.कॉम. — बाद. सिद्धोधन माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आबा, अटीत बसणारे तुमीच."

मग माझी पत्नी चांगुणाबाई म्हणाली, "आन् मी? मी तर ह्यांच्यापेक्षाबी कमी हाय. मलाच न्या की." (ती असेच बोलते. साक्षीदाराचे शब्द बदलू नयेत, म्हणून जसेच्या तसे लिहिले.)

या घरातल्या शिकलेल्यांत सर्वांत कमी शिकलेला मी, हे मला माहीत होते. बोलून कोणी दाखवले नव्हते. आज तीच माझी पात्रता ठरली. हा मान समजावा की अपमान, याचा निर्णय लागला नाही.

३ एप्रिल

संघप्रियाबरोबर पॅसेंजरने परभणीस गेलो. विभागप्रमुख रोहिणी मॅडम यांना भेटलो. वयाने माझ्या मुलीसारख्या, परंतु त्या उठून उभ्या राहिल्या. उत्तरे मराठीत लिहिण्यास त्यांच्या कॉलेजात मुभा आहे. सूत्रे मात्र इंग्रजी अक्षरांत. वॅगनवरची अक्षरे वाचण्यात माझी हयात गेली. ती लिहून दाखवली. त्या म्हणाल्या, "आजोबा, अक्षर छापल्यासारखं आहे."

मग नियम सांगितला. ती सांगेल तेवढेच लिहायचे. आपले घालायचे नाही, तिचे गाळायचे नाही, सुचवायचे नाही, खुणावायचे नाही.

मी विचारले, "आकृत्या काढता याव्यात म्हणून ती मला हा विषय थोडा शिकवणार आहे. त्यामुळे मी अपात्र ठरेन काय?"

त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय. हा विषय फार समजल्यामुळे कुणी अपात्र झालं, असं अजून घडलेलं नाही."

मी सही केली.

६ एप्रिल, रविवार

पहिला धडा. अणू असतो. त्याच्या मध्यभागी केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन. बाहेरच्या फेरीतले इलेक्ट्रॉन दुसऱ्या अणूशी बंध जोडतात. येथवर माझी हरकत नाही.

मी म्हणालो, "म्हणजे दोन डबे आणि मध्ये कपलिंग."

"तसंच. पण कपलिंग वेगळं नसतं, आबा. एक इलेक्ट्रॉन याचा, एक त्याचा. दोन्ही दोघांचे. तोच बंध."

"कपलिंग वेगळे नाही, तर डबे जोडले कशाने?"

"त्या दोन इलेक्ट्रॉनांनीच."

"ते तर डब्यांतले आहेत. हूक कोठे आहे?"

तिने डाव्या हाताने वहीत नुसती एक रेघ ओढली. मी चूक काढण्यासाठी विचारले नव्हते. दोन डब्यांमध्ये उभे राहून हूक अडकवण्यात ज्याची चाळीस वर्षे गेली, त्याला कोणी हूक नाही असे सांगितले, तर त्याने काय करावे? हूक नसताना गाडी चालली, तर चौकशी होते.

रेघ म्हणजे बंध, एवढे लिहून घेतले. एक रेघ एकेरी, दोन रेघा दुहेरी. काढता येते. समजले नाही.

९ एप्रिल

मिठाचा बंध रात्री समजला होता. सकाळी उठून पाहिले तर समजलेला नव्हता.

११ एप्रिल

मिठाचेच पुन्हा. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो. येथे माझा मोठा गोंधळ झाला. ज्याने दिले तो धन कसा? देणाऱ्याजवळचे कमी झाले, घेणाऱ्याजवळचे वाढले. तिने सांगितले, इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण असतो, तो गेला की ऋण गेले. हे हिशेबाने बरोबर येते आणि मनाला पटत नाही.

"परत केव्हा करतो?" मी विचारले.

"करत नाही. मीठ पाण्यात विरघळलं तरी दोघं वेगळे होतात, पण दिलेलं परत येत नाही."

चांगुणाबाई चुलीपाशी ऐकत होती. म्हणाली, "दिलं त्ये दिलं. त्येला इचारायलेत परत कवा करतो. लेकीच्या लग्नातली भांडी मागायलेत जनू."

संघप्रिया इतकी हसली की प्लास्टरचा हात धरून बसली. मी हसलो नाही. प्रश्न योग्य होता.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी वंदनेला सगळे गेलो. मिरवणुकीला ती आली नाही. बाहेर बँड वाजत होता, आत ती पाठ करत होती. कोणी तिला चल म्हणाले नाही.

१६ एप्रिल

आज रेणूंचे आकार. मी समजत होतो की, कागदावर जसा काढला तसाच रेणू असतो. तसे नाही. कागद सपाट आहे, रेणू सपाट असेलच असे नाही.

अमोनिया घेतला. मध्ये नायट्रोजन, त्याला तीन हायड्रोजन. ते तिघे एका पातळीत पसरत नाहीत, खाली झुकतात. मी माठाची तिवई आणून पालथी-सुलटी करून दाखवली. ती म्हणाली, "हां, आबा, असंच. वर नायट्रोजन, खाली तीन पाय." वरती इलेक्ट्रॉनांची एक जोडी एकटी असते असेही काही म्हणाली. ती जोडी बंधात नसते, तिला रेघ नाही, ती दिसत नाही. जिला रेघ नाही, ती मला काढायची नाही. म्हणून तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

एक मधला, तीन भोवती — तिवई. हे पक्के समजले. या विषयातले पहिले काही पक्के समजले, याची नोंद करतो.

चांगुणाबाईने तिवई परत मागितली. माठ जमिनीवर ठेवला होता.

२० एप्रिल, रविवार

लिहिण्याचा सराव. ती सांगते, मी लिहितो. माझा वेग तिला पुरत नाही. ती म्हणाली, "आबा, प्रत्येक अक्षरावर रेघ कशाला वढता? अशानं अर्धा पेपर राहील."

मी सांगितले, शिरोरेघ नसलेले अक्षर म्हणजे टोपी न घातलेला गार्ड.

तिने उत्तर दिले, "गार्डाला टोपी नसली तरी गाडी सुटते की."

विचार करून दुपारनंतर शब्दाला एकच रेघ ओढायला लागलो. वेग वाढला. अक्षर उतरले. वाईट वाटले.

कार्बनला चार हात. कमी नाही, जास्त नाही. हे सोपे आहे. चार हातांचा हिशेब मी तिच्याआधी करून दाखवला. ती म्हणाली, "आबा, पास व्हायलात तुमी." बरे वाटले.

२३ एप्रिल

ऊन फार. संघप्रिया जेवत नाही. म्हणते, वाचलेले डोक्यात राहत नाही, मागच्या खेपेलाही असेच झाले होते. पेपर हातात आला की येणारे उत्तरही चूक वाटू लागते. सिद्धोधन तिला म्हणाला, "स्वतःवर भरोसा ठेव." शिक्षकाला हे म्हणावेच लागते.

मला विचारशील तर — पण मला ती विचारत नाही.

२८ एप्रिल, सोमवार. पहिला पेपर.

आम्हा दोघांना स्वतंत्र खोली. पर्यवेक्षक हरिओम सर, तरुण, मिशा बारीक. ते दाराशी बसले. संघप्रिया माझ्या डाव्या हाताला, खुर्ची जवळ ओढून. ती सांगत होती, मी लिहीत होतो. सुरुवातीची वाक्ये तिने दोनदोनदा सांगितली, मग सरळ सांगू लागली.

आता जे घडले ते लिहितो.

चौथा प्रश्न — बीएफ थ्री या रेणूचा आकार सांगून कारण द्या. हा रेणू आमच्या सरावात कधी आला नव्हता. तिने सांगितले, "मध्ये बोरॉन, भोवती तीन फ्लोरीन. आकार त्रिकोणी आणि —" मी "आणि" लिहिले. ती म्हणाली, "सपाट."

माझा पेन थांबला.

एक मधला, तीन भोवती. तिवई! तिनेच शिकवलेली. सपाट कशी असेल? मी बोललो नाही. मान हलवली नाही. डोळे कागदावरच होते. परंतु पेन थांबला. तो मी थांबवला की तो थांबला, हे शपथेवर सांगता येणार नाही.

संघप्रियाने माझ्या हाताकडे पाहिले. मग हळू म्हणाली, "थांबा. ते खोडा. पिरॅमिड लिहा. वर एकटी जोडी, खाली तीन फ्लोरीन." मी खोडले. पिरॅमिड लिहिले. आकृती काढली — सुबक तिवई.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, बरा गेला. परत येताना गाडीत तिने पुस्तक उघडले आणि लगेच मिटले. मी घरी येऊन चांगुणाबाईला भजी करायला सांगितली. ती म्हणाली, "कशाची भजी? परीक्षा पोरीची आन् उपास तुमचा सुटायलाय जनू."

कारण तिला सांगितले नाही. ते येथे लिहितो : चौथी उत्तीर्ण माणसाने आज बी.एस्सी.चे एक उत्तर वाचवले.

२९ एप्रिल

झोप नीट लागली नाही. नियम असा होता — सुचवायचे नाही. मी सुचवले नाही. पण तिला सुचले ते माझ्यामुळे. सिग्नल पडलेला नसताना ड्रायव्हरने माझ्या हाताकडे बघून गाडी काढली, तर "मी झेंडा दाखवला नव्हता" हा जबाब चालेल काय? मी चौकशी अधिकारी असतो तर चालू दिला नसता.

ते गुण आमचे नाहीत. उद्या परभणीस जाऊन सांगतो. घरी कोणाला बोललो नाही. संघप्रियाला तर नाहीच. तिचे आधीच मन थाऱ्यावर नाही. मी सांगितल्याने सगळा पेपरच रद्द केला तर? हा विचार आला. मग दुसरा आला — न सांगता पास झाली तर? दोन्ही विचार अजून तसेच आहेत. एकही हटत नाही.

३० एप्रिल, बुधवार

एकटाच गेलो. पेन्शनचे काम आहे, असे सांगून. खोटे बोललो, याचीही नोंद.

रोहिणी मॅडमपुढे उभे राहून जबाब दिला. पेन कोठे थांबला, तिने काय खोडायला लावले, नंतर काय लिहिले, सगळे. शेवटी म्हणालो, "त्या प्रश्नाचे गुण कापावेत. बाकी पेपर तिचा आहे."

त्यांनी शिपाई आश्रुबा यांना पाणी आणायला पाठवले. मग हळू विचारले, "आजोबा, आधी तिनं काय सांगितलं होतं?"

"सपाट."

"तेच बरोबर होतं."

मी म्हणालो, "अमोनियाची तिवई होते."

"होते. नायट्रोजनकडे बाहेरच्या फेरीत पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन बंधांत गेले, दोन उरले. ते उरलेले डोक्यावर बसतात आणि तिघांना खाली दाबतात. बोरॉनकडे मुळात तीनच. तिन्ही वाटून झाले. वर बसायला कुणी उरलंच नाही. मग त्या तिघांनी कशासाठी वाकायचं?"

त्यांनी तीन बोटे टेबलावर सपाट ठेवून दाखवली. मी बोटांकडे पाहत राहिलो. जिला रेघ नाही म्हणून मी लक्ष दिले नव्हते, त्या एकट्या जोडीवरच सगळे होते.

आश्रुबांनी पाणी आणले. ते मी प्यालो की नाही, आठवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत, खुणावलं नाही. थांबणं हा गुन्हा नाही. पेपरला काही होणार नाही. पण ती तुमच्या हाताकडे बघून उत्तरं ठरवतेय, ते मात्र तिला सोडावं लागेल. आता दुसरा पेपर चांगला जायलाच हवा."

गुण वाचवले म्हणून कबुली द्यायला गेलो होतो. गुण घालवले, एवढे कळून परत आलो. चुडाव्याला उतरताना पायरी चुकली. पडलो नाही.

१ मे

सकाळी संघप्रियाला सांगितले. ती अंगणात डाव्या हाताने केस विंचरायला बघत होती.

म्हणाली, "मला माहीत होतं, आबा. त्याच दिवशी. गाडीत पुस्तकात बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? घरी येताच तुमी आजीला भजी सांगितली. लय खूश होता. मला वाटलं, राहू द्यावं."

तिने खाल्ली होती ती भजी. दोनदा मागून घेतली होती.

मी म्हणालो, "उद्याच्या पेपराला दुसरा माणूस बघ. मी लायक नाही."

"आता कुठून आणू? चौथी पास माणूस मिळायलाय का कुठं? सगळ्यांनी शिकून ठेवलंय." मग म्हणाली, "तुमीच चला. पण मी तुमच्याकडं बघून बसणार न्हाई."

चांगुणाबाईने फणी घेऊन तिची वेणी घालायला घेतली. तिला सगळे केव्हापासून माहीत होते, हे मी विचारले नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिवायला नेलंय तर लिवावं. यार्डात बी तुमी डायवरला शिकवायला जायचात."

हे खरे नाही. दोनदाच गेलो होतो.

२ मे, शुक्रवार. दुसरा पेपर.

खोली तीच, हरिओम सरही तेच. संघप्रियाने त्यांची परवानगी घेऊन खुर्ची खिडकीकडे फिरवली. मला तिची फक्त वेणी दिसत होती. बाहेर कडुनिंबाखाली स्कूटर लावलेल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघून सांगत होती.

मध्येच एका रेणूची रचना आली. तिने सांगितले, "सी एच थ्री, एक रेघ, सी एच टू, दोन रेघा, सी एच टू." मी रेघा ओढू लागलो. मधल्या कार्बनला डावीकडे एक, उजवीकडे दोन, वर दोन हायड्रोजन. पाच हात होतात. पुन्हा मोजले. पाच.

परंतु बोरॉनच्या वेळीही मला असेच पक्के वाटले होते.

पेनाचा आवाज थांबला असावा. ती वळली नाही. खिडकीकडे बघतच म्हणाली, "लिहा, आबा."

मी लिहिले.

१८ मे

प्लास्टर निघाले. मनगट बारीक झाले आहे. तिने पहिले काय लिहिले तर इस्त्रीला दिलेल्या कपड्यांच्या हिशेबाची चिठ्ठी. अक्षर माझ्यापेक्षा वाईट.

२० जून २०२५, शुक्रवार

निकाल लागला. विषय निघाला. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल. चांगुणाबाईने साखर वाटली.

गर्दी पांगल्यावर संघप्रिया माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, दुसऱ्या पेपरातला तो मधला कार्बन. सी एच सांगायचं होतं, मी सी एच टू सांगितलं. पाच हात झाले. तुमचा पेन बरोबर थांबला होता."

मी विचारले, "मग लिहा का म्हणालीस?"

"तुमी थांबलात, एवढंच कळलं. का थांबलात ते मला दिसत नव्हतं. मला जे वाटत होतं ते सांगितलं. त्याचे गुण गेले, ते माझे गेले."

आणि हसली. मागच्या खेपेस नापास झालेली, येणारे उत्तरही चूक वाटणारी हीच मुलगी. मला आनंद झाला की काय झाले, हे मला सांगता येत नाही. हूक कोठे असतो, तेही अजून समजलेले नाही.

तिचे वरील बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले. तेव्हा ओट्यावर हजर : चांगुणाबाई सूर्यभान खंदारे, पत्नी, निरक्षर, सर्व समजलेली. सिद्धोधन सूर्यभान खंदारे, मुलगा, शिक्षक, डोळे पुसत असलेला. संघप्रिया सिद्धोधन खंदारे, परीक्षार्थी, स्वतः.